मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती धरायचं आणि वेळ किती?

मुलुंडची मीनल

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं बाळंतपण जूनमध्ये आहे. ती फ्रीमाँटला राहते, सॅन फ्रान्सिस्को विमानतळापासून तासाभराच्या अंतरावर. आई-बाबा मे अखेरीस तिच्याकडे जाणार आहेत. आई ७१ वर्षांची, बाबा ७५. आजवरचा त्यांचा सगळ्यात लांबचा विमानप्रवास मुंबई ते गुवाहाटी. तिकिटं काढायला बसले आणि आकड्यांतच अडकले.

एका साइटवर या दोन विमानतळांमधलं अंतर १३,५०० दिलंय, दुसरीवर ८,४००, तिसरीवर ७,३००. वेळेचं तसंच. कुणी साडेपंधरा तास म्हणतं, कुणी सतरा. प्रत्यक्ष तिकिटं बघायला गेलं की २३ तासांपासून ३५ तासांपर्यंत काहीही दिसतं. परतीच्या एका तिकिटावर तर सोमवारी रात्री निघून बुधवारी पहाटे मुंबईत, असं आहे. बाबांनी विचारलं, "मग मंगळवार सगळा विमानातच का?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

हे सगळं विचारण्याचं खरं कारण आईच्या गोळ्या. थायरॉइडची सकाळी अनशापोटी, बीपीची रात्री जेवणानंतर. प्रवासात सकाळ कुठली आणि रात्र कुठली हे मला कळत नाहीये. म्हणून मला मुलुंडच्या दारातून निघाल्यापासून फ्रीमाँटच्या दारात पाऊल ठेवेपर्यंतचे खरे तास हवेत. जाणकारांनी कृपया सांगावं.

भूगोलाच्या बाई

मीनल, तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटरमध्ये आहे, दुसरा मैलांत, तिसरा सागरी मैलांत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानं आणि जहाजं सागरी मैलांत बोलतात, कारण तो पृथ्वीच्या गोलाईवरूनच मोजलेला आहे. गोलाईवरच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल. पृथ्वीच्या केंद्रापासून मुंबई विमानतळाकडे एक रेघ आणि सॅन फ्रान्सिस्कोकडे दुसरी रेघ काढली, तर त्यांच्यात साधारण १२१.५ अंशांचा कोन होतो. त्याला साठाने गुणलं की जवळपास ७,३०० सागरी मैल, आणि १११.२ ने गुणलं की १३,५०० किलोमीटर. अंतराचा हिशोब इथेच संपतो. विमानतळ हलत नाहीत, त्यामुळे हा आकडाही हलत नाही.

बाबांना दाखवायचं असेल तर घरातलं एखादं पपनस घ्या. देठाकडचा भाग उत्तर ध्रुव धरा. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, सॅन फ्रान्सिस्को साडेसदतीस अंशांवर, आणि दोघांच्या रेखांशांत १९५ अंशांचा फरक. म्हणजे पपनसाच्या जवळजवळ पाठीमागची बाजू. दोन टाचण्या टोचा, शिवणाचा दोरा एका टाचणीला बांधून दुसरीपर्यंत घट्ट ताणा. सैल धरला तर तो पोटावरून आडवा जाईल. ताणलात की आपोआप देठाकडे सरकेल. गोलावरची सगळ्यात जवळची वाट हीच. शाळेत आपण तिला बृहद्वृत्ताचा तुकडा म्हणतो.

मी हा दोरा कागदावर गणित करून काढून बघितला. मुंबईहून तो उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकून निघतो. राजस्थानात झुंझुनूच्या आसपास, मग हिमाचल, लडाखमधला काराकोरम, तकलामकानचं वाळवंट, सायबेरिया, तिथून ७७ अंश उत्तरेपर्यंत चढून आर्क्टिक महासागर, आणि मग अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा, कॅलिफोर्निया. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कधीच कळत नाही. त्या नकाशात आपल्याला अमेरिका डावीकडे दिसते, म्हणून आपण पश्चिमेकडेच जायचं धरून बसतो.

कांदिवलीचा कौस्तुभ

बाई, फार छान समजावलंत. पण मी फ्लाइट ट्रॅकरवर मुंबई-सॅन फ्रान्सिस्को विमान पाहिलं होतं, ते तर जपानच्या बाजूने पॅसिफिकवर गेलं. लडाखच्या जवळपासही नव्हतं. मग १३,५०० चा उपयोग काय?

सांताक्रूझ पूर्व

या प्रश्नावर मला थोडं सविस्तर लिहू द्या. मी ३१ वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये होतो. विमान निघण्याआधी मार्ग, इंधन, हवामान ठरवून तो कागद कॅप्टनपुढे ठेवायचा, हे आमचं काम.

बाईंनी सांगितलेला दोरा हा आमच्यासाठी सुरुवातीचा कागद. त्यावरून विमान जवळजवळ कधीच जात नाही.

पहिली अडचण काराकोरम आणि तिबेट. विमानाच्या आतला हवेचा दाब काही कारणाने गेला तर कॅप्टनला ताबडतोब १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, म्हणजे माणसं मास्कशिवाय श्वास घेऊ शकतात. डोक्यावरून जे पिवळे मास्क पडतात त्यांतला ऑक्सिजन बहुतेक विमानांत साधारण पंधरा मिनिटांचा असतो. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी १४-१५ हजार फुटांवर. खाली यायला जागाच नाही. म्हणून तिथून जायचं तर बाहेर पडायच्या वाटा आधीच आखलेल्या लागतात आणि जास्तीचा ऑक्सिजन लागतो. बहुतेक विमानं तो भाग टाळतात.

दुसरी अडचण देशांची. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपीय, ब्रिटिश, अमेरिकी आणि कॅनडाच्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. मुंबईकरांना त्याचा फटका दिल्लीपेक्षा कमी, कारण आपण अरबी समुद्रावरून थेट ओमानकडे निघू शकतो. म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांना वेगवेगळी वाट घ्यावी लागते. तिकिटावर हे कुठेच लिहिलेलं नसतं.

उत्तरेच्या वाटेवर आणखी एक गोष्ट बघावी लागते. काही बिघाड झाला तर उतरायचं कुठे? जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला मगदानला उतरवावं लागलं होतं. विमान सुरक्षित उतरलं हे महत्त्वाचं, पण तिथून प्रवाशांना पुढे न्यायला दुसरं विमान पाठवावं लागलं.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, जेट स्ट्रीम. विमान हवेत ताशी ९०० ने जातं असं धरा. वारा नसेल तर १३,५०० किलोमीटरला पंधरा तास. चढायला-उतरायला अर्धा तास. मीनलताई, तुमच्या त्या साइटचे साडेपंधरा तास इथून आले. आता वाटभर सरासरी ताशी १०० चा वारा पाठीमागून असेल तर तेच अंतर साडेतेरा तासांत होईल, आणि तोच वारा समोरून असेल तर जवळपास सतरा तास. अंतर एक इंचही बदललं नाही, वेळ मात्र साडेतीन तासांनी बदलला.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पहिल्यांदा पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून १५,३०० झालं, आणि तरीही साडेचौदा तासांत पोहोचलं, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. अटलांटिकवरून जाताना ताशी २४ किलोमीटरचा वारा समोरून, पॅसिफिकवरून १३८ चा पाठीमागून, असा तो हिशोब होता. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन दोन तास वाचले. आमच्या खात्यात त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे फुललेले मला आठवतात.

म्हणून कौस्तुभ, तुम्ही जपानकडून जाणारं विमान बघितलंत ते वारा धरून चाललं होतं.

कांदिवलीचा कौस्तुभ

काका, हे कुणी आजवर असं सांगितलंच नव्हतं. धन्यवाद. परत येताना मग उलटं?

सांताक्रूझ पूर्व

हो. येताना तोच वारा तोंडावर घ्यायचा नसतो, म्हणून शक्य असेल तर दुसरी बाजू किंवा उत्तरेची वाट बघतात. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्यासोबतच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणलं ते उत्तर ध्रुवावरून. ९ तारखेला निघालेलं विमान आपल्याकडे ११ तारखेला उतरलं. मीनलताईंच्या बाबांचा मंगळवार कुठे जातो, हेही त्यातच आलं.

मुलुंडची मीनल

बाई, काका, मनापासून आभार. काल रात्री आम्ही पपनसाचा प्रयोग केला. आईने गजऱ्याचा दोरा आणला, बाबांनी चष्मा लावून टाचण्या टोचल्या. दोरा खरंच देठाकडे सरकला. बाबा बराच वेळ ते पपनस हातात फिरवत बसले होते.

तिकिटावरच्या वेळेबद्दल काका अजून सांगाल का? दोन कंपन्यांची एकाच प्रकारची विमानं, तरी मुंबई-फ्रँकफर्टला एक साडेआठ तास लिहिते आणि दुसरी नऊ.

सांताक्रूझ पूर्व

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून दुसऱ्या गावी गेटला लागून थांबेपर्यंत. हवेतला वेळ त्याहून कमी असतो. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. मध्यरात्रीनंतर परदेशी विमानांची गर्दी असते तेव्हा गेट सोडल्यापासून चाकं जमीन सोडेपर्यंत अर्धा तास सहज जातो. सॅन फ्रान्सिस्कोला वेगळी गोष्ट. तिथल्या दोन समांतर धावपट्ट्यांमध्ये जेमतेम २३० मीटर अंतर. ढग खाली आले की दोन विमानं शेजारीशेजारी उतरवता येत नाहीत, एकामागून एक घ्यावी लागतात. उन्हाळ्यात सकाळी तिथे समुद्रावरून ढग आत येतात, हे त्या गावाचं नेहमीचं हवामान.

हे सगळं धरून कंपनी वेळ लिहिते. कुणी जास्त सैल ठेवते, कुणी कमी.

मुलुंडची मीनल

बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते, ३४ वर्षं. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर लगेच म्हणाले, "म्हणजे आमच्या शेवटच्या टप्प्यासारखंच." मेल गाडीला कल्याण ते सीएसएमटी टाइमटेबलात मुद्दाम जास्तीची मिनिटं दिलेली असतात, मागे झालेला उशीर तिथे भरून निघावा म्हणून. गाडी वेळेत असेल तर ठाण्याच्या पुढे उगाच रेंगाळते असं लोकांना वाटतं. ब्लॉक टाइम त्यांना एका वाक्यात कळला, जो मला दोन दिवस कळत नव्हता.

पार्ले टिळक रोड

मी २०२३ मध्ये मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमानाने गेले होते, सासूबाईंना घेऊन. अनुभव सांगते.

विमान मागे ढकललं तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं. प्रत्यक्ष उड्डाण ५० मिनिटांनी झालं. तेवढा वेळ एसी नीट चालत नव्हता, सासूबाईंना गुदमरल्यासारखं झालं. हवाईसुंदरीने पाणी आणून दिलं, पण किती वेळ लागेल हे कुणी सांगेना. वयस्कर माणसांना उशीर एवढा त्रास देत नाही, किती उशीर ते न कळणं जास्त त्रास देतं. हा माझा ठाम अनुभव.

पुढचे पंधरा-सोळा तास मात्र बरे गेले. येताना अठरा तासांच्या जवळपास लागले आणि ते शेवटचे तीन तास फार जड गेले. सासूबाईंच्या पायांना इतकी सूज आली की चपला चढेनात. मी त्यांना एकाच जागी झोपू दिलं, उठवलं नाही, ही माझी चूक झाली. तुम्ही दर दीड-दोन तासांनी उठवाच, झोपलेल्या असल्या तरी.

आता थेट विमान कोणत्या दिवशी आहे, आहे की नाही, ते बुकिंग करताना बघा. वेळापत्रकं फार बदलतात.

डोंबिवलीची आजी

मीनल बाळा, मी ७३ वर्षांची आहे आणि पाच वेळा जाऊन आले आहे, दोनदा एकटी. वर लिहिलंय ते पायांचं अगदी खरं. चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास झाला की पायांतल्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, माझ्या डॉक्टरांनी मला हे पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. त्यांनी लिहून दिलेले घट्ट मोजे मी घालते. आईबाबांच्या डॉक्टरांना विचारून घे, स्वतःहून आणू नकोस.

आणखी एक. विमानात आपल्याला दम लागल्यासारखं होतं ना, त्याचं कारण मला नातवाने सांगितलं. विमान कितीही उंच असलं तरी आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवतात. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे सोळा तास आपण कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंच जागी बसलेलो असतो. तिथे धापा टाकत चढणारी माणसं बघितली आहेत ना? त्यात हवा कोरडी. पाणी मागून मागून पी म्हणावं आईला. बाथरूमला उठावं लागेल म्हणून बायका पाणी पीत नाहीत. मी म्हणते उठावंच लागावं, तेवढंच चालणं होतं. सीट आईलची, म्हणजे मधल्या वाटेकडची घे.

भूगोलाच्या बाई

आजी, कळसूबाईचं उदाहरण मी आता वर्गात वापरणार.

बोरिवली पश्चिम

थेट विमान नाही मिळालं तर दुबईवरून स्वस्त पडतं आणि अंतरही फार वाढत नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९०० आणि पुढे १३,०००. एकूण पंधरा हजारांच्या आत.

सांताक्रूझ पूर्व

अंतर बरोबर आहे. पण आई-बाबांसाठी ठरवताना एकूण किलोमीटर बघू नका, मधला थांबा कुठे पडतो ते बघा. दुबईचा थांबा तीन-सव्वातीन तासांनीच येतो, माणूस अजून दमलेलाही नसतो. आणि त्यानंतरचा तुकडा स्वतःच सोळा तासांचा. म्हणजे थांबायचे तास वाढले आणि सलग बसणं थेट विमानाइतकंच राहिलं. सिंगापूरवरून उलटं अंतर वाढतं, ३,९०० आणि १३,६००, साडेसतरा हजार.

युरोपातून गेलात तर फ्रँकफर्टला ६,६०० आणि पुढे ९,१५०, किंवा लंडनला ७,२०० आणि पुढे ८,६००. एकूण पावणेसोळा हजारांच्या आसपास. थेट वाटेपेक्षा सव्वादोन हजार जास्त, पण प्रवास जवळजवळ मधोमध मोडतो. नऊ तास, चालणं, मग अकरा-साडेअकरा तास. सत्तरीच्या पुढच्या माणसांना मी हेच सांगेन. ट्रान्झिटचे व्हिसा नियम मात्र त्या त्या देशाच्या अधिकृत पानावर स्वतः वाचा, ते बदलत असतात. आणि थांबा तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका. व्हीलचेअरवाले एकाला सोडून मग दुसऱ्याला नेतात, वेळ जातो.

बोरिवली पश्चिम

हे पटलं. मी फक्त बेरीज बघत होतो.

ठाण्याचा प्रसाद

थोडं वेगळं, पण कुणाच्या उपयोगी पडेल. माझी मुलगी शिकागोला आहे, आम्ही अबू धाबीवरून गेलो. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होतं, मग शिकागोला उतरल्यावर रांग नाही, थेट बॅगा घेऊन बाहेर. याउलट न्यूअर्क किंवा न्यूयॉर्कला उतरून पुढे अमेरिकेतच दुसरं विमान असेल तर पहिल्याच ठिकाणी इमिग्रेशन, बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यायच्या. वयस्कर माणसं एकटी असतील तर हे टाळा.

खारघर सेक्टर १२

नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय डिसेंबर २०२५ पासून. तिथून पकडलं तर फरक?

भूगोलाच्या बाई

दोन विमानतळांत सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर. साडेतेरा हजारांत ते दिसतही नाहीत. तुमच्या रस्त्यावरच्या वेळेत मात्र नक्की दिसतील.

मुलुंडची मीनल

ठरलं. फ्रँकफर्टवरून, दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये, मध्ये तीन तास. दोघांनाही व्हीलचेअर, सीट आईलच्या.

आईच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी गोळ्यांचा प्रश्न एका मिनिटात सोडवला. म्हणाले, प्रवासात तिथलं घड्याळ बघूच नका, एक घड्याळ मुंबईच्या वेळेवर ठेवा आणि घरी ज्या वेळेला घेता त्याच वेळेला घ्या. पोहोचल्यावर तिथल्या वेळेवर कसं यायचं ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. (हे आईपुरतं, प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावं.) आईकडे तिचं जुनं एचएमटी आहे, चावीचं. ते आता मुंबईचं घड्याळ. बाबांच्या मनगटावर पोहोचायच्या गावचं.

सांताक्रूझ पूर्व

उत्तम. मंगळवारचं राहिलं होतं ते लिहून टाकतो. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, नोव्हेंबर ते मार्च साडेतेरा. सोमवारी रात्री ९ ला तिथून निघालं तेव्हा मुंबईत मंगळवारची सकाळ, साडेनऊ. अठरा तास घाला, बुधवारची पहाट, साडेतीन. मंगळवार कुठेही हरवलेला नाही; विमान निघालं तेव्हा तो मुंबईत अर्धा उगवलेलाच होता. जाताना याच्या उलट. दुपारी ४ ला निघून सोळा तास उडलं तरी तिथे त्याच दिवशीचे संध्याकाळचे साडेसात.

बाबांना हेही सांगा, १९५५ पर्यंत मुंबईत लोक 'बॉम्बे टाइम' पाळत होते, देशाच्या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. रेल्वेतल्या जुन्या लोकांकडून त्यांनी ऐकलं असेल.

मुलुंडची मीनल

मंडळी, आई-बाबा सुखरूप पोहोचले. बाबांनी गार्डच्या डायरीत लिहावं तसं सगळं लिहून ठेवलं होतं, त्यांनी फोनवर वाचून दाखवलं ते इथे देते. मला सुरुवातीला हेच हवं होतं आणि कुठेच मिळालं नव्हतं.

मुलुंडहून टॅक्सी रात्री १०.१५ ला. टर्मिनल २ ला ११ वाजता. गेट सुटलं २.४५ ला, चाकं उचलली ३.१६ ला. फ्रँकफर्टला गेटवर तिथले सकाळचे ८.१५, आईच्या घड्याळात ११.४५. म्हणजे बरोबर नऊ तास. पुढचं विमान ११.१५ ला, सॅन फ्रान्सिस्कोला गेटवर दुपारी १.३५, अकरा तास वीस मिनिटं. इमिग्रेशन, बॅगा होऊन बाहेर ३ वाजता. सॅन मटेओचा पूल ओलांडून बहिणीच्या दारात ४.०५. आईच्या घड्याळात तेव्हा दुसऱ्या पहाटेचे ४.३५.

दारापासून दारापर्यंत ३० तास २० मिनिटं. त्यातले विमानात २० तास २० मिनिटं, उरलेले दहा तास टॅक्सी, रांगा, वाट बघणं. हे दहा तास कुठल्याच साइटवर दिसत नाहीत.

आईच्या पायाला थोडी सूज आली होती, दुसऱ्या दिवशी उतरली. आजी, ती खरंच दर दोन तासांनी उठली, मागच्या पँट्रीपर्यंत जाऊन पाणी पिऊन यायची. बाबांनी खिडकीतून ग्रीनलँडचा बर्फ बघितला. ते म्हणाले, दोरा बरोबर होता, फ्रँकफर्टहूनही विमान आधी वरच गेलं.

डोंबिवलीची आजी

वाचून जीव भांड्यात पडला. थायरॉइडची गोळी कुठे घेतली गं तिने?

मुलुंडची मीनल

आजी, एचएमटीत सकाळचे सहा वाजले तेव्हा. बाहेर मिट्ट काळोख होता, सगळं विमान झोपलेलं. बाबांनी पेनाएवढी टॉर्च धरली आणि हवाईसुंदरीने कोमट पाणी आणून दिलं. नाश्ता त्यानंतर चार तासांनी आला.